पस्तीसच्या रस्त्यावर एकोणीस

गिरीश ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाला. इंग्लंडहून एकट्याने मोटारसायकल काढून, अख्खा युरोप ओलांडून घरी आलेला माणूस आमच्या अमेरिकन गावात, शॉमबर्गमध्ये, चार वळणं आणि एक पार्किंग एवढ्यात नापास झाला. एकोणऐंशी झाली की इथे परीक्षक शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते, तेव्हा कुठे लायसन रिन्यू होतं. मी आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. परीक्षक म्हणजे नातीच्या वयाची पोरगी, केसांना जांभळी कड. तिने आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि फार हळुवारपणे सांगितलं, "ही वॉज डुइंग नाइन्टीन इन अ थर्टी-फाइव्ह, मॅम. देअर वॉज अ होल लाइन बिहाइंड अस." पस्तीस मैल वेगाच्या रस्त्यावर एकोणीस, आणि मागे गाड्यांची रांग. गिरीश तिच्याकडे बघून हसत होता. स्टेजवर हार घालून घेताना हसतो तेच हसू. मला मनापासून बरं वाटलं, हे कबूल करते. हा माणूस फार हळू येतो, हे कुणीतरी सरकारी कागदावर लिहून दिलं होतं. त्याने त्या कागदाच्या चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर आल्यावर किल्ली माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली आणि म्हणाला, "शनिवार होईपर्यंत कुणाला बोलू नकोस." मी बोलणार नव्हतेच. मी कुणाला काही बोलत नाही, हीच तर माझी ख्याती आहे.

शनिवारी इथल्या मराठी मंडळातर्फे त्याचा सत्कार होता. सफरीला पन्नास वर्षं झाली म्हणून. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात तो बर्मिंगहॅमजवळच्या कारखान्यातली नोकरी सोडून निघाला आणि नोव्हेंबरात कराडला पोचला, आणि तेव्हापासून तो पोचतोच आहे. गणपतीत पोचतो, दिवाळीत पोचतो, कुणाच्या मुलाच्या ग्रॅज्युएशन पार्टीत छोले गार होईपर्यंत पोचत असतो. आधी स्लाइडचा गोल डबा होता, खटक-खटक आवाज करणारा. तो मी आठ घरं बदलताना स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले आहे. मग अनिशने, आमच्या मुलाने, त्या स्लाइड कंप्युटरवर चढवून दिल्या आणि नोकरीसाठी लांब प्लेनोला निघून गेला, म्हणजे ऐकायचं माझ्या एकटीच्या वाट्याला ठेवून. सुरुवात ठरलेली: "धुकं होतं." मग दोन सेकंद गप्प. मग डोव्हरची बोट, बेल्जियम, जर्मनीतला गुळगुळीत रस्ता, ऑस्ट्रियातला बर्फ, आणि गाडीचं नाव. गाडीला त्याने चिमणी म्हणायचं ठरवलं होतं. मला पन्नास वर्षांत वसुधा सोडून दुसरं नाव त्याला सुचलेलं नाही. 'अहो' मात्र मी सत्त्याहत्तर साली ओहेअर विमानतळावर सोडून दिलं. सामानाचं वजन आधीच जास्त होत होतं.

त्या आठवड्यात देवचे रोज फोन. देव म्हणजे मंडळाचा यंदाचा अध्यक्ष, नागपूरचा, एका कंपनीत काहीतरी क्लाउडचं करतो आणि वीकेंडला काळं जॅकेट घालून स्वतःच्या भल्यामोठ्या मोटारसायकलवर विस्कॉन्सिनच्या सीमेपर्यंत जाऊन पॅनकेक खाऊन येतो. त्यालाही तो प्रवास म्हणतो. "काकू, सरप्राइज आहे हं, काकांना सांगू नका," तो म्हणाला. "प्रोग्रॅम झाला की सगळे पार्किंग लॉटमध्ये. माझी बाइक रेडी ठेवतो. काकांनी फक्त एक राउंड मारायचा. ड्रोन शूट करतोय यार आपण!" मी त्याला विचारायला हवं होतं, बाबा रे, तुझी ती गाडी किती किलोची, आणि काकांचा गुडघा कधी बदलला ठाऊक आहे का. विचारलं नाही. "हो का, छान," म्हटलं. फोन ठेवल्यावर भांडी विसळता विसळता मला दिसत होतं: शाळेचं पार्किंग, शंभर फोन वर धरलेले, आणि चिमणीवाला आडवा पडलेला. ते चित्र बघताना मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं नाही याचंही फारसं काही वाटलं नाही. तिरस्कार जुना झाला की अंगाला बसतो, रोजच्या गाउनसारखा, घातलाय हेसुद्धा लक्षात राहत नाही.

लोक विचारतात, काकू तुम्हाला किती अभिमान वाटत असेल. मंडळातल्या वीणाचं तर हे नेहमीचं वाक्य. युगोस्लाव्हियातल्या म्हातारीची गोष्ट आली की ती टिश्यूचा डबाच जवळ ओढते. चिमणीची साखळी तुटते, पाऊस लागतो, गिरीशला ताप भरतो, आणि डोक्याला काळा रुमाल बांधलेली एक शेतकरीण त्याला घरात घेते. नऊ दिवस. सूप पाजते, छातीला कसलंसं तेल चोळते, निघताना खिशात आलुबुखार भरते. "भाषा येत नव्हती, पण आई सगळ्या भाषांत सारखीच असते," असं गिरीश म्हणतो, आणि इथे पाणी पितो. घोट बरोबर दोन. हॉलमधल्या बायका डोळे पुसतात. मी समोरच्या रांगेत बसून त्याचा कंठमणी वरखाली होताना बघते आणि मनात म्हणते, तुझी आई कुठे होती रे त्या नऊ दिवसांत?

मला ते एक्याऐंशी साली कळलं. आम्ही सुट्टीवर कराडला गेलो होतो, आणि माझी नणंद लता मागच्या पडवीत पावटे सोलत होती. अनिश चार वर्षांचा, बाहेर कुणाच्या तरी कडेवर. लता वाईट नव्हती, तोंडाची सैल होती एवढंच. तिला वाटलं मला ठाऊकच असणार. दादा एकाहत्तर साली एकदा आला होता, ती म्हणाली, विमानाने, धावतपळत. तार गेली होती ना, 'आई सिरियस, ताबडतोब नीघ.' दारात येऊन बघतो तर आई चकल्या पाडतेय, ठणठणीत, आणि भिंतीवर तीन मुलींच्या भेटीच्या वेळा खडूने लिहिलेल्या. आता यात नवल काही नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या लग्नांच्या मुळाशी कुणाची ना कुणाची आई तारेत सिरियस झालेली आहे. परदेशी गेलेला मुलगा आणायचा आणखी उपाय काय होता? गिरीश चिडला, एकही मुलगी न बघता परत गेला. तीन वर्षांनी पुन्हा तार गेली. शब्द तेच. या खेपेला आईच्या पोटात गाठ होती, पण तारेत पोट दिसत नाही. त्याने उलट तार केली, 'निघालो.' कसा निघालो ते लिहिलं नाही. घरच्यांनी लताच्या नवऱ्याला सांताक्रूझ विमानतळावर तीन दिवस बसवून ठेवलं. आई रोज विचारायची, विमान कुठवर आलं. आठवड्यानंतर विचारायची थांबली. नऊ ऑक्टोबरला गेली. दादा दोन नोव्हेंबरला आला, लता म्हणाली, आणि गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवत आला.

मग ती आणखी एक वाक्य बोलली, आणि त्या वाक्यावर मी त्रेचाळीस वर्षं जगले. "त्याला वाटलं गं मुलगी दाखवायलाच बोलावलंय. मुलगी म्हणजे तूच की. तुझा फोटो ऑगस्टातच गेला होता, आईने स्वतःच्या हाताने पाकिटात घातला होता."

तो फोटो मला आठवत होता. साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला, कानात मावशीच्या कुड्या, वेणी मुद्दाम पुढे घेतलेली. फोटोग्राफर म्हणाला होता, जरा मान वर. मी वर केली होती. मी दिसायला वाईट नव्हते. तेव्हा तर नव्हतेच. आणि तो फोटो बघून एका इंजिनिअरने ठरवलं होतं की विमानाने गेलं तर ही लवकर बघावी लागेल, त्यापेक्षा मोटारसायकल बरी. ऑस्ट्रियातला बर्फ, युगोस्लाव्हियातला ताप, आलुबुखार, हे सगळं मला न बघण्यासाठी होतं. त्यात वाटेत त्याची आई मेली. पुढचं शास्त्राने केलं: आई गेली की लग्न वर्षाच्या आत, नाही तर तीन वर्षं थांबा. फेब्रुवारीत तो पोहे खायला आमच्याकडे आला. मान खाली, ताटलीत बघत. मला वाटलं दुःखात आहे बिचारा. दुःखात होताच, पण मी त्याच्या दुःखात इतकी मधोमध बसलेय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या कौतुकाने मी त्याला आणखी पोहे वाढले.

पडवीतून उठून मी आत गेले, तेव्हा तो लोकांना इस्तंबूल सांगत होता. मी ऐकत उभी राहिले. तेव्हाच विचारता आलं असतं. त्या रात्री, दुसऱ्या दिवशी, परतीच्या विमानात चौदा तास होते. मी विचारलं नाही. विचारलं की तो काहीतरी सांगणार, कदाचित रडणार, आणि मग मला माफ करत बसावं लागणार. त्यापेक्षा तुच्छ मानणं सोपं होतं. त्याचं घोरणं, त्याची चहात बिस्किट बुडवायची पद्धत, सगळ्यांवर तो तिरस्कार थोडाथोडा वाटत गेले. एकदा बेसमेंटमध्ये त्या स्लाइड उजेडात धरून बघितल्या. बॉस्फरसच्या फेरीवर डेकवर बसलाय, हातात चहाचा छोटा ग्लास, केस उडतायत, तोंड उघडं टाकून हसतोय. पुठ्ठ्याच्या कडेला त्याच्याच अक्षरात तारीख: ९-१०-७४. मी स्लाइड होती तिथे ठेवून दिली. अजून दरवर्षी ती पडद्यावर येते आणि कुणीतरी म्हणतंच, काका काय हॅन्डसम दिसायचे!

शनिवारी शाळेच्या ऑडिटोरियममध्ये दोनशे माणसं होती. बाहेर बटाटेवड्यांचे ट्रे, आत बॅनरवर गिरीशचा तरुणपणीचा फोटो. वीणा पैठणी नेसून सूत्रसंचालन करत होती, तिचं मराठी अशा दिवशी फार चढतं: "ज्यांच्या चाकांनी क्षितिजाला गवसणी घातली..." माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणाचा तरी मुलगा फोनवर गेम खेळत होता. त्याला मी मनोमन दाद दिली. गिरीशने कोट घातला होता. कोटाच्या आत शर्ट तोच, परवाचा, मला खिशातल्या घड्यांचा फुगवटा दिसत होता. "धुकं होतं," तो म्हणाला. दोन सेकंद. डोव्हर, बर्फ, चिमणी. म्हातारी. दोन घोट. वीणाने माइक खाली धरून नाक पुसलं. बॉस्फरस आला, हसला, गेला. इराणच्या बंदरातून मुंबईपर्यंत बोटीने यावं लागलं, कारण तेव्हा पाकिस्तान आपल्याला रस्ता देत नव्हतं. ते तो नेहमीप्रमाणे एका वाक्यात उरकतो, बोटीत शौर्य नसतं. "आणि मग घर," असं म्हणून त्याने हात जोडले. घर आलं की गोष्ट संपते. घराच्या आत काय होतं, ते पन्नास वर्षांत कुणाला विचारावंसं वाटलेलं नाही.

"एनी क्वेश्चन्स फॉर काका?" देवने विचारलं. कुणीतरी मायलेज विचारलं. कुणीतरी व्हिसाचं विचारलं, इथे व्हिसाचं विचारणारा एक असतोच. आणि माझा हात वर गेला. मी ठरवलं नव्हतं. परवाची ती पोरगी डोळ्यांसमोर होती, जांभळी कड, जे आहे ते तोंडावर सांगून मोकळी झालेली. लोक कौतुकाने वळले, "ओहो, काकूंचा प्रश्न!" देवने धावत येऊन माइक दिला. माइक जड होता आणि कुणाच्या तरी हाताने कोमट झालेला.

"विमान नव्हतं का तेव्हा?" मी विचारलं.

गिरीश माझ्याकडे बघत राहिला. हे दोन सेकंद त्याच्या गोष्टीतले नव्हते.

"होतं," तो म्हणाला. "कारखान्याचा मॅनेजर तिकीट काढून द्यायला तयार होता. मीच नको म्हटलं. घरून तार आली होती, आई सिरियस म्हणून. मला वाटलं, मुलगी बघायला बोलावतायत."

हॉल हशाने फुटला. मागच्या रांगेतले रिटायर्ड डॉक्टर मांडीवर थाप मारून हसत होते, कारण त्यांचीही आई सिरियस झालेली होती. "काका, मग मुलगी कोण होती?" कुणीतरी ओरडलं. "ही," गिरीश म्हणाला, आणि टाळ्या. देव शिट्टी वाजवत होता. गिरीश हसत नव्हता. त्याने हात थोडा वर केला, थांबा म्हटल्यासारखा, ओठ हलले. पण वीणाने "क्या बात है" म्हणत शाल उलगडली आणि ती त्याच्या खांद्यावरून घसरेपर्यंत नारळही आला होता. मी उभीच होते, माइक हातात. अजून एक प्रश्न पुरला असता: 'आणि आई?' एका प्रश्नात बॅनरसकट सगळं खाली आलं असतं. पन्नास वर्षांत इतकी चांगली संधी आली नव्हती. मी माइक देवच्या हातात दिला. का दिला? दया आली म्हणावं तर तसं काही वाटत नव्हतं. ही दोनशे हसणारी माणसं त्या उत्तराच्या लायकीची नाहीत, एवढंच वाटलं.

पार्किंगमध्ये देवची गाडी चमकत उभी होती. ड्रोन डोक्यावर गुणगुणत होतं. गिरीशने शाल माझ्याकडे दिली, गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवर तळहात ठेवला. मी दहा पावलांवर. मी आता म्हणायला हवं होतं, नको. मी शालीची घडी घालत राहिले. चार दिवस मी हेच चित्र चघळत होते, आणि ते खरं होऊ घातल्यावर मला बघवेना. गिरीशने खिशातला कागद काढला, घड्या उलगडल्या आणि देवपुढे धरला. "नको रे देव. मला लायसन नाही. नापास केलंय मला." देवने कागद वाचलासुद्धा नाही. "काका, तुम्ही पण ना! तुम्हाला कोण नापास करणार!" सगळे पुन्हा हसले. एका दिवसात हा माणूस दोनदा खरं बोलला आणि दोन्ही वेळा लोक हसले. मग त्याला नुसतंच गाडीवर टेकवून फोटो काढले, आणि लोक वड्यांकडे गेले.

गाडी मी चालवत होते. तो शेजारी, नारळ मांडीवर. अनिशचा फोन आला, स्पीकरवर: "सो हाउ वॉज इट, बाबा? आय सॉ द क्लिप, यू किल्ड इट!" गिरीश थँक्यू म्हणाला. फोन बंद झाला. दोन सिग्नल गेले. मग मी समोर बघत म्हटलं, "फोटो बघून निघालास. मी इतकी वाईट दिसत होते?"

"कुठला फोटो?"

"माझा. आईंनी पाठवलेला. लताने सांगितलं मला एक्याऐंशी साली."

"एक्याऐंशी," तो म्हणाला. बोटांनी नारळाची शेंडी चाचपत होता. "मी तो बघितला नव्हता, वसुधा."

"खोटं बोलू नकोस आता."

"पाकीट आलं, हाताला आत कडक पुठ्ठा लागला. म्हटलं, आला मुलीचा फोटो. उघडलंच नाही. टाकीवरच्या बॅगेत टाकलं, नकाशांबरोबर. रोज नकाशा काढताना हाताला लागायचं. आईचं अक्षर होतं वर. त्या म्हातारीच्या घरी ताप होता तेव्हा उशाशीच होतं." तो थांबला. इथे पाणी नव्हतं प्यायला. "कराडला दहाव्याच्या नावाने जे काही करून घेतलं ते झाल्यावर उघडलं. फोटो होता तुझा. आणि चिठ्ठी होती. चारच ओळी. मागच्या वेळी मी फसवलं. या वेळी खरं आहे. तार येईल, तिला खोटी समजू नको. फोटोतली मुलगी मला आवडली आहे."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. त्रेचाळीस वर्षं मी एका नकाराचा राग केला होता, आणि नकार झालेलाच नव्हता. त्याने मला नापसंत केलं नव्हतं, बघितलंच नव्हतं. माझा फोटो नुसता पुठ्ठा होता. कुड्या नाहीत, वेणी नाही, वर केलेली मान नाही. पातळ कागद असता तर त्याने फोडून वाचला असता आणि विमानात बसला असता. आणि जिने मला पसंत केलं होतं, ती एकटीच तिकडे विमानाची वाट बघत पडली होती.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू विचारशील म्हणून थांबलो," गिरीश म्हणाला. "दर वेळी गोष्ट सांगताना तुझ्याकडे बघायचो. तू पहिल्या रांगेत असायचीस. वाटायचं, आज विचारेल."

मला त्याला खूप काही बोलायचं होतं. भित्रा म्हणायचं होतं. तोच शब्द जिभेवर आला आणि आतच वळला, कारण चौदा तासांच्या विमानात त्याच्या शेजारी मी बसले होते. समोरचा रस्ता मला नीट दिसत नव्हता. मी डोळे पुसले, पुन्हा पुसले. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मग दुसऱ्याने, लांबलचक. गिरीश दचकला, दोन्ही हातांनी नारळ धरून ताठ बसला, आणि डोळे गच्च मिटून घेतले. मी काट्याकडे बघितलं. पस्तीसचा रस्ता होता आणि काटा एकोणीसवर होता.